शिंपल्याची दहा बटणं

डागोबा नुसता वास घेऊन सांगायचा की डाग कुठल्या जेवणातला आहे, जेवण कुणाकडे होतं आणि जेवताना भांडण झालं होतं का. यातलं शेवटचं तो अंदाजाने सांगायचा, पण चुकायचा नाही. एकदा म्हणे त्याने एका मास्तरच्या सदऱ्यावरचा शाईचा डाग इतका मुळापासून उतरवला की दुसऱ्या दिवशी मास्तर वर्गात उभा राहिला आणि त्याला एक अक्षर आठवेना. ही गोष्ट कुणी खरी मानत नाही. सदरा मात्र खरा आहे, आणि अजून पांढराशुभ्र आहे.

त्याचं म्हणणं एकच असे. न जाणारा डाग जगात नसतोच. प्रत्येक पदार्थाचा कुणीतरी एक जवळचा असतो, तो भेटायचा असतो इतकंच. भेटला की पदार्थ घरदार सोडून त्याच्यात मिसळून जातो. मिठाचं, साखरेचं, घामाचं पाण्याशी जमतं. तेल, तूप, मेण यांचं पाण्याशी उभं वैर. त्यांना दुकानाच्या मागच्या खोलीतलं सॉल्व्हंट हवं, जे दिसतं पाण्यासारखं, पण वजनाला पाण्यापेक्षा जड आणि वासाला गोड. ऊब दिली की मिसळणं लवकर होतं, हलवलं की आणखी लवकर. आणि कितीही लाड केले तरी मावायचं तेवढंच मावतं. त्याच्या वर गेलं की ते परत बाहेर येऊन बसतं, तेही दुसऱ्याच्या कपड्यावर. डागोबा हे सगळं गिऱ्हाइकांना इतकं रंगवून सांगायचा की लोक कपडे न्यायला विसरायचे.

ड्रायक्लीनिंगचं हे दुकान दोघांचं. पुढे काउंटरवर ताई, म्हणजे त्याची थोरली बहीण. हातात टाचण्या, जिभेवर त्याहून जास्त. मागच्या खोलीत डागोबा, त्याचं डाग काढायचं टेबल, ओळीने बाटल्या, मऊ-राठ ब्रश, आणि भिंतीला टेकून बसलेलं गोल काचेच्या दाराचं मशीन. या दुकानाचा एक नियम होता. कपडा मशीनमध्ये घालण्याआधी त्याच्या प्रत्येक बटणाच्या पाठीला सॉल्व्हंटचा एक थेंब लावायचा आणि कापसाने पुसायचा. कापूस चिकटला नाही तर बटण पक्कं. चिकटला तर ते प्लॅस्टिक या सॉल्व्हंटचं जवळचं. ते काढून ठेवायचं आणि धुऊन झालं की परत शिवायचं. मंत्र्याचा कोट असो की मोटार मेकॅनिकचा, थेंब सगळ्यांना सारखा.

तो थेंब एकाच कोटाला चुकला, आणि तो कोट नेमका होणाऱ्या व्याह्यांचा.

व्याही म्हणजे शहराच्या बँडचे निवृत्त बँडमास्तर. उंची अशी की दारातून येताना मिशा आधी आत येत आणि माणूस वाकून मागून. त्यांच्या मुलाचं आणि डागोबाच्या लेकीचं जमलं होतं, आणि शनिवारी दुपारी दोन्ही घरांचा एकत्र फोटो काढायचा होता. फोटो विहीणबाईंनी ठरवला होता. विहीणबाई जन्मभर तिकीट तपासनीस होत्या आणि निवृत्तीनंतरही समोरच्याकडे तो विनातिकीट चढल्यासारखंच बघत. त्यांनीच नवऱ्याला बजावलं होतं की त्या काळ्या कोटावरचा रश्श्याचा डाग घालवल्याशिवाय फोटोला उभं राहायचं नाही.

बँडमास्तरांचा तो कोट साऱ्या शहराला माहीत होता, खरं तर कोटापेक्षा त्याची बटणं. दहा बटणं, खऱ्या शिंपल्याची, प्रत्येकावर कोरलेला छोटा नांगर. आजोबांना एका जहाजाच्या कप्तानाने दिलेली. ही हकिगत ते बँड वाजण्याआधी सांगत, वाजून झाल्यावर सांगत, आणि कुणी म्हणे एकदा मधेच वाजवणं थांबवूनही त्यांनी सांगितली होती.

कोट काउंटरवर आला तेव्हा डागोबाने सवयीने बाटली उघडली आणि काडीला कापूस गुंडाळला. बँडमास्तरांनी विचारलं, हे काय. तो म्हणाला, काही नाही, बटणं तपासतो. त्यांच्या मिशा थांबल्या.

"तपासता म्हणजे? ती शिंपल्याची आहेत हे सांगितलंय ना मी तुम्हाला?"

ताईने काउंटरखालून भावाच्या पायावर पाय दिला. डागोबाने कापसाची काडी खाली ठेवली आणि ओशाळून हसला. ते गेल्यावर त्याने ती पुन्हा उचलली तर ताई म्हणाली की तोंडावर तपासणं वाईट आणि पाठीमागे तपासणं त्याहून वाईट. उद्या हे विहीणबाईंच्या कानावर गेलं तर म्हणतील, मुलीचा बाप आमच्या शब्दाला थेंब लावून बघतो. शिवाय शिंपल्याला हे सॉल्व्हंट काय करणार होतं? डागोबाला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, पटवून घेणं सोपं होतं.

शुक्रवारी दुपारी कोट मशीनमध्ये गेला. सोबतीला एका वकिलाचा काळा कोट, हॉटेल मॅनेजरचं जाकीट आणि वेटरांच्या पँटी. ड्रम फिरायला लागला, सॉल्व्हंट चढलं, आणि डागोबा स्टुलावर बसून काचेतून बघू लागला, तसा तो रोजच बघायचा.

तिसऱ्या का चौथ्या फेऱ्याला कोट काचेला चिकटून गेला आणि त्याला एक बटण दिसलं. त्यावरचा नांगर दिसत नव्हता.

त्याने डोळे चोळले. पुढच्या फेऱ्याला बटणाची कड गेलेली होती, तोंडात घोळवलेल्या गोळीसारखी. त्याने मशीनच्या दाराला हात घातला, पण ते दार एकदा सॉल्व्हंट आत आलं की सगळं निथळून, सुकून होईपर्यंत उघडतच नाही, आणि हे त्याला सगळ्यांत चांगलं माहीत होतं. मग त्याला जे जे येत होतं ते त्याने केलं. गारव्याचा नॉब शेवटपर्यंत फिरवला, कारण गार सॉल्व्हंट जरा आळशी होतं. ड्रम थांबवला, कारण हलवलं नाही तर विरघळलेलं तिथल्या तिथे घुटमळतं आणि पुढचं जरा सावकाश सुटतं. सॉल्व्हंट खालच्या टाकीत सोडून दिलं. ते उतरायला जितका वेळ लागला तितका वेळ तो काचेला नाक लावून उभा राहिला. कोट काचेला टेकून ओला पडला होता आणि समोरचं बटण त्याच्या डोळ्यांदेखत पातळ, आणखी पातळ होत होतं, आणि मग तिथे काही नव्हतं.

सगळं सुकून दार उघडलं तेव्हा कोट स्वच्छ होता. रश्श्याचा मागमूस नव्हता. बटणांच्या जागी दोऱ्याचे दहा झुबके उभे होते, चार भोकांतून ओवलेले, गाठी जशाच्या तशा, कशालाही न धरता. दोरा सुती, त्याचं सॉल्व्हंटशी काही नातं नव्हतं.

बाकीच्या कपड्यांची तऱ्हा वेगळीच. सॉल्व्हंटमधली बटणं जाता जाता सगळ्यांवर पातळ थर देऊन गेली होती. वकिलाचा कोट टेबलावर ठेवला तर तो आपला आपण उभा राहिला, दोन्ही बाह्या पुढे करून, जणू त्याची तारीख आजचीच होती. वेटरांच्या पँटी एकमेकींना टेकून रांगेत थांबल्या. एरवी डागोबा पोट धरून हसला असता. आज त्याने त्या पँटींकडे बघितलं आणि मास्तरांचा कोट मांडीवर घेऊन स्टुलावर बसला.

ताई आत आली आणि एकेक झुबका बोटाने दाबून बघितला.

"म्हणजे शिंपल्याची नव्हतीच," ती शेवटी म्हणाली. "चूक आपली नाही. त्यांचीच."

"तेच तर वाईट झालं ना, ताई."

आणि ते खरंच वाईट होतं. शिंपल्याची बटणं हरवली असती तर हातापाया पडता आलं असतं. इथे खरं सांगायचं म्हणजे साऱ्या शहरासमोर मिरवलेले आजोबा, जहाज आणि कप्तान, तिन्ही एका वाक्यात बुडवायचे, तेही व्याह्यांचे, तेही त्या बायकोसमोर जिने जन्मभर लोकांची खोटी कारणं पकडली. मग कसलं लग्न आणि कसला फोटो. आणि खोटं सांगायचं म्हणजे दुकानाने वडिलार्जित ठेवा घालवला असं कबूल करायचं. तेवढ्यात लेक कामावरून येऊन दारातूनच विचारून गेली, बाबा, कोट झाला का? तो म्हणाला, होतोय. तो कोटासमोर आडवा उभा राहिला होता, पण ती घाईत होती.

त्याने वकिलाचा कोट आणि इतर कपडे ताज्या सॉल्व्हंटमधून पुन्हा काढून मऊ केले. मग टाकीतलं वापरलेलं सॉल्व्हंट नेहमीप्रमाणे उकळून वाफेवाटे वेगळं केलं आणि तळ बघितला. तळाला मळकट पांढरा, चिकट गोळा उरला होता, लिंबाएवढा. दहाच्या दहा बटणं तिथे होती. नाहीसं काहीच झालं नव्हतं, फक्त त्यांचं बटण असणं तेवढं संपलं होतं. डागोबाने तो गोळा खरवडून एका डबीत भरला आणि डबी खिशात टाकली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी तो बटणवाल्याकडे धावला. बटणवाला म्हणजे पेठेच्या टोकाचं दुकान, छतापर्यंत डबे, प्रत्येक डब्यावर एक बटण शिवलेलं. डागोबाने नांगराचं वर्णन केलं, चार भोकं, एवढा आकार. बटणवाल्याने डोकं खाजवलं. म्हणाला, होती की, प्लॅस्टिकची, अगदी शिंपल्यासारखी दिसणारी. तीन-चार हिवाळ्यांमागे एक उंच मिशीवाले गृहस्थ होती नव्हती ती सगळी दहा घेऊन गेले. दार बंद करून घेतली, आणि मला म्हणाले, कुणाला सांगू नका. मी कुणाला सांगितलं नाही हो, तुम्हीच पहिले.

डागोबा परत येताना चालत नव्हता, वाहत येत होता. म्हणजे बँडमास्तरांना माहीत होतं. थेंब लावू दिला नाही तो अपमान वाटून नव्हे, भीतीने. ताईला ही बातमी म्हणजे हातात आलेली काठी वाटली. ती म्हणाली, उद्या तोंड उघडलं तर सांगायचं सरळ, मास्तर, बटणवाला विचारत होता तुम्हाला. डागोबाने मान हलवली. काठी कितीही छान असली तरी ती लेकीच्या सासऱ्याच्या पाठीत घालायची, आणि मग त्या लेकीने त्याच घरात पाणी द्यायचं? त्या रात्री तो झोपला नाही. ताई म्हणते तो झोपला, पण झोपेत बटणं मोजत होता.

शनिवारी बँडमास्तर एकटे येतील, त्यांच्या कानात काही सांगता येईल, ही त्याची शेवटची आशा होती. दाराची घंटी वाजली तेव्हा मिशांच्या आधी विहीणबाई आत आल्या.

लेक नव्या कपड्यात काउंटरशी उभी होती. ताईने कोट आणून ठेवला. विहीणबाईंनी आधी डागाची जागा बघितली, खूश झाल्या, मग हात खाली आला आणि थांबला.

"बटणं?"

"हरवली," डागोबा म्हणाला. "माझ्या हातून."

"दहाच्या दहा?"

"दहाच्या दहा."

विहीणबाईंनी चष्मा लावला. एक हरवतं, फार तर दोन हरवतात, त्या म्हणाल्या, दहा एकदम गेली म्हणजे कुणीतरी काढली. मग त्यांनी कोट उजेडात धरला, एकेक झुबका चिमटीत धरून बघितला आणि हळू आवाजात, जसं डब्यातल्या शेवटच्या प्रवाशाला विचारत असतील तसं, विचारलं, "दोरा तुटलेला नाही. गाठ सुटलेली नाही. मग बटण काढलं कसं?"

डागोबाचा हात खिशातल्या डबीवर होता आणि डबीला घाम आला होता, की हाताला, ते कळत नव्हतं. लेक त्याच्याकडे बघत होती. तिने कधी बापाला डागाबद्दल उत्तर नाही असं पाहिलं नव्हतं.

"आजोबांची खूण होती ती," विहीणबाई म्हणाल्या. "फोटो राहू दे आज. आधी हे कळू दे, मग बाकीचं बघू."

बाकीचं म्हणजे लग्न, हे कुणाला वेगळं सांगायला नको होतं. लेकीचा चेहरा उतरला. ताईने श्वास घेतला, म्हणाली, मी सांगते, आणि डागोबा म्हणाला, ताई, नको. इतकंच म्हणाला. पण ते त्याने ताईकडे न बघता बँडमास्तरांकडे बघून म्हटलं, आणि बँडमास्तरांना त्या नजरेतून कळलं की या माणसाला सगळं माहीत आहे, आणि हा चोर ठरेल पण बोलणार नाही.

बँडमास्तर काउंटरवर दोन्ही हात टेकून उभे होते. त्यांच्या मिशा पहिल्यांदाच खाली आल्या.

"मशीनमध्ये विरघळली ना हो?" ते म्हणाले.

विहीणबाई म्हणाल्या, शिंपला कुठे विरघळतो? ते म्हणाले, विरघळतो. ते मला चांगलं ठाऊक आहे. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते त्या काउंटरवर आलेल्या सगळ्या डागांत जुनं होतं. चार हिवाळ्यांमागे आजोबांची बटणं काळवंडली होती. कुणीतरी सांगितलं, व्हिनेगरमध्ये बुडवून लगेच काढा, चकाकतात. त्यांनी बरणीभर व्हिनेगर घेतलं, बटणं सोडली, छान बुडबुडे यायला लागले, आणि तेवढ्यात बँडचं बोलावणं आलं. परगावचा कार्यक्रम. वाजवण्याच्या नादात बटणं डोक्यातून गेली ती परत येईपर्यंत. आठवडा उलटला होता. बुडबुडे थांबले होते. सहा बटणं नव्हतीच. चार होती, नखाएवढी पातळ, बोटात धरली तर त्यांचा चुरा झाला.

"तुला सांगायची हिंमत झाली नाही," ते बायकोला म्हणाले. "मग प्लॅस्टिकची आणली. आणि मग हकिगत सांगायची सवय काही जाईना."

डागोबाने खिशातून डबी काढली आणि उघडून त्यांच्यापुढे ठेवली. मळकट पांढरा गोळा. बँडमास्तरांनी त्याला बोट लावलं आणि दुसऱ्यांदा गेलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

विहीणबाईंचा चेहरा मात्र विचित्र झाला होता. चिडलेला नव्हता. हिशोब जुळत असताना होतो तसा.

"कुठली बरणी?"

"निळ्या झाकणाची."

विहीणबाई गिऱ्हाइकांच्या बाकावर बसल्या. "ती मी वापरली. काकडीवर, कांद्यावर. संपेपर्यंत."

विहीणबाईंनी चष्मा काढला.

"तरीच म्हटलं, या व्हिनेगरला आंबटपणा का नाही. मी त्या वाण्याशी भांडायला गेले. पाणी मिसळतोस म्हटलं. चार वर्षं झाली, तो माझ्याशी बोलत नाही."

डागोबाला राहवेना. तो म्हणाला, वाण्याची चूक नव्हती. आंबटाने शिंपला खाल्ला आणि खाता खाता आंबटच संपलं. मग आपण कुठे आहोत ते आठवून गप्प झाला. विहीणबाईंनी त्याच्याकडे बघितलं, तिकीट दाखवलेल्या माणसाकडे बघतात तसं, आणि म्हणाल्या, "आणि तुम्ही चोर म्हणवून घेत उभे राहिलात." लेकीने त्याच्या कोपराला हात लावला.

"त्याच वर्षी माझे गुडघे दुखायचे थांबले," विहीणबाई स्वतःशीच म्हणाल्या, आणि नवऱ्याकडे असं बघितलं की याचा फैसला घरी गेल्यावर. मग उठल्या. फोटोला उशीर होत होता.

प्रत्येक धुलाईच्या दुकानात अनाथ बटणांचा एक डबा असतो. ताईने तो उपडा केला. पांढरी, काळी, लाकडाची, पितळी, कुठल्या कुठल्या कपड्यांतून गळलेली. विहीणबाईंनी निवडायला घेतली, आणि बँडमास्तरांनी एकेक बटण उचलून डागोबापुढे धरलं, आधी पाठ वर करून. थेंब लावा, म्हणाले. थेंब, कापूस, पुसणं. पक्कं. थेंब, कापूस, चिकटलं, बाजूला. ताई शिवत होती, लेक दोरा ओवत होती, स्टुडिओतून बँडमास्तरांचा मुलगा बोलवायला येऊन दारात उभा राहिला आणि बाप बटणं का तपासून घेतोय हे त्याला कुणी सांगितलं नाही.

तो फोटो अजून स्टुडिओच्या काचेत आहे म्हणतात. मधोमध खुर्चीवर बँडमास्तर, कोटावर दहा बटणं, कुठलंही कुठल्याशी न जुळणारं, आणि मिशा पुन्हा वर. सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत. डागोबा तेवढा बघत नाही. तो व्याह्यांच्या कोटाकडे बघतोय, वरून तिसऱ्या बटणाकडे, कारण फोटोवाला स्थिर राहा म्हणाला त्याच क्षणी त्याच्या लक्षात आलं होतं की शेवटच्या घाईत एवढ्या एका बटणाला थेंब लावायचा राहिला.

फोटो झाल्यावर त्याने स्वतःची समजूत घातली की कोट आता मशीनमध्ये जायचाच नाही, मग बटण कसलं का असेना. तेवढ्यात बँडमास्तर त्याच्या खांद्यावर हात टाकून प्रेमाने म्हणाले, व्याही, हा कोट सोमवारी परत तुमच्याकडेच टाकतो. स्टुडिओतल्या त्या खुर्चीचा रंग ओला होता, आणि तो कोटाच्या पाठीवर उतरला होता.